जुन्या बोटीचं मोल कसं करायचं?

प्रश्न : आम्ही चार मित्र, चौघेही पुणेकर, पन्नाशीकडे झुकलेले. खडकवासल्याच्या पाण्यावर छोट्या शिडाच्या होड्या चालवायला शिकलो आणि नाद लागला. आता समुद्रावर दोन-चार दिवस मुक्काम करता येईल अशी बोट घ्यावी, असं मनात आहे. मुंबईला एक ३४ फुटी, फायबरची, १९९६ साली बांधलेली बोट विकायला आहे. आत झोपायला जागा, ओटा, संडास, डिझेल इंजिन, सगळं आहे. मालक म्हणतात, ‘नवी घ्यायला गेलात तर याच्या कितीतरी पट मोजावे लागतील.’ जुनी स्कूटर घ्यायची तर आम्ही ओळखीचा मेकॅनिक घेऊन जातो. जुना फ्लॅट घ्यायचा तर त्या भागातला दर काढतो. बोटीचा दर कुणाला विचारायचा? आणि इतकी जुनी बोट घेणं मुळात शहाणपणाचं आहे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर तुमच्या गावाशी जोडलेलं आहे.

शिडाच्या बोटीतून पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा केली ती लष्कराच्या कोअर ऑफ इंजिनिअर्समधल्या अधिकाऱ्यांनी. याच दलाचं कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आपल्या दापोडीला आहे. २८ सप्टेंबर १९८५ ला इंग्लंडहून निघालेली त्यांची ‘तृष्णा’ १० जानेवारी १९८७ ला मुंबईला पोचली. ही बोट नवी नव्हती. फिनलंडमध्ये बांधलेली ३७ फुटी ‘स्वान’ जातीची ती वापरलेली बोट होती. या जातीच्या बोटी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बांधल्या गेल्या, म्हणजे निघाली तेव्हा तिचं वय दहा वर्षांच्या बरंच पुढे गेलेलं होतं. तरी ती जगाला वळसा घालून आली.

गोव्याची ‘म्हादेई’ही घ्या. दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेल्या या ५६ फुटी बोटीतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली. मग त्याच बोटीतून अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकटे फिरून आले. दुसऱ्या खेपेला म्हादेई ‘वापरलेली’च होती, आणि पृथ्वीची एक फेरी म्हणजे हौशी माणसाचा कित्येक वर्षांचा वापर. तिचं मोल त्याने कमी झालं नाही, कारण प्रत्येक फेरीनंतर तिची निगा झाली होती.

तेव्हा वयाला घाबरू नका. बोट म्हणजे एक वस्तू नव्हे. वेगवेगळं आयुष्य असलेल्या पाच-सहा वस्तू तिथे एकत्र नांदत असतात. फायबरचं अंग चाळीस-पन्नास वर्षं टिकू शकतं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा साधारण दहा ते पंधरा वर्षं पुरतात. शिडं उन्हाने त्याआधीच थकतात. इंजिनाचं आयुष्य निगेवर. त्यामुळे ‘१९९६ ची बोट’ या शब्दांतून किंमत कळत नाही. तिच्या कुठल्या भागात किती आयुष्य उरलंय, हे मोजायचं आणि संपलेल्या भागांचा खर्च वजा करायचा. बोटीची किंमत ठरवण्याची सगळी विद्या एवढीच आहे. आता ती पायरीपायरीने पाहू. आधी फुकट होणाऱ्या तपासण्या, मग पैसे लागणाऱ्या.

पहिली भेट : डोळे, नाक, पाय

मालकाला आधी एकच विनंती करा : ‘आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका.’ पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. कोमट लागलं, तर थंड असताना ते सुरू व्हायला कुरकुरतं का, हा प्रश्न मनात नोंदवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा या. थंड इंजिन सुरू होताना धूर बघा. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही किंवा इंजिनावर ओझं जास्त आहे. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा थांबलाच नाही, तर न जळलेलं इंधन किंवा आत शिरलेलं पाणी. तेलाची पट्टी काढल्यावर तेल दुधाळ दिसलं, तर तेलात पाणी मिसळलंय, आणि खर्च मोठा आहे. एक गोष्ट मोटारीपेक्षा उलटी : शिडाच्या बोटीचं इंजिन फार चालल्याने जितकं बिघडतं, त्याहून नुसतं पडून राहिल्याने जास्त बिघडतं. तेव्हा ‘इंजिन फारसं वापरलेलंच नाही’ ही बढाई ऐकून खूश होऊ नका.

मग डेकवर अनवाणी चाला. बऱ्याच फायबर बोटींचा डेक आतून सँडविचसारखा असतो : वर-खाली फायबर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड. कठड्याचे खांब, दोर बांधायच्या खुंट्या, तारांचे पाय अशा जागी डेकला भोकं पाडलेली असतात. तिथलं सील गेलं की पाणी मधल्या लाकडात झिरपतं आणि ते कुजतं. तळव्याला कुठे डेक दबल्यासारखा लागला, तर ती जागा खडूने आखा. डेक दुरुस्त करायला तो उघडावा लागतो, आणि हे काम मजुरीचं असल्यामुळे महाग पडतं.

खाली उतरल्यावर नाकाला काम द्या. ओल, डिझेल आणि कुजका वास एकत्र येत असेल, तर फळ्या उचलून तळातली खोलगट जागा पाहा. तिला बिल्ज म्हणतात. तिथे साचलेलं पाणी चाखायला संकोचू नका, पण तेल किंवा सांडपाणी मिसळलेलं नाही याची खात्री करूनच, आणि जिभेच्या टोकाने. गोडं लागलं तर पाऊस किंवा टाकी गळतेय. खारं लागलं तर समुद्र आत येतोय, आणि तो कुठून येतो हे कळल्याशिवाय पुढचं बोलणं नको.

पाण्याबाहेर : हातोडी आणि धीर

पहिल्या भेटीत मन बसलं, तरच पुढचा खर्च करा. बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय घेऊ नका, ही अट सोडू नका. मुंबईच्या पाण्यात ही सोय ऋतूच करून देतो. मौजेच्या बोटी पावसाळ्यात बहुतेक किनाऱ्यावर चढवून ठेवतात. गेटवे-मांडवा फेऱ्याही त्या काळात थांबतात. मेअखेरीस चढवताना किंवा सप्टेंबरात उतरवण्याआधी बोट पाहणं सगळ्यात सोयीचं.

इथे स्वतःचा सर्व्हेअर न्या. विकणाऱ्याने सुचवलेला नको, आणि मालकाकडचा दोन वर्षांपूर्वीचा अहवालही पुरेसा नाही. हा तुमचा मेकॅनिक. पण तो काय करतो, ते तुम्हाला समजलेलं असावं.

तो छोट्या हातोडीने तळाला ठिकठिकाणी टकटक करेल. चांगलं फायबर टणक, स्वच्छ आवाज देतं. थर सुटलेले असतील तिथे आवाज मेलेला, बोदा येतो. मडकं घेताना आई जशी वाजवून बघते, तसंच. मग तो फोड शोधेल. जुन्या फायबरमध्ये वर्षानुवर्षं पाणी झिरपून आतल्या रसायनाशी मिसळतं आणि तळावर बारीक फोड उठतात. याला ऑस्मोसिस म्हणतात. चार फोडांनी बोट बुडत नाही. पण सगळा तळ फोडांनी भरला असेल, तर तो सोलून, सुकवून पुन्हा लेपावा लागतो, आणि सुकायलाच महिने जाऊ शकतात. ओल मोजायचं यंत्र बोट बाहेर काढल्याच्या दिवशी लावलं तर ते फसवतं, म्हणून काही दिवस सुकू द्या.

त्यानंतर कील, म्हणजे तळाला जोडलेलं ते जड शिसं किंवा लोखंड, जे बोटीला उलटू देत नाही. कील आणि अंग यांच्या सांध्यावर पुढच्या बाजूला हसऱ्या ओठासारखी भेग दिसली, तर बोट कधीतरी खडकावर आदळली असावी, किंवा कीलचे बोल्ट सैलावले असावेत. याला हलक्यात घेऊ नका. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ नावाची ४० फुटी बोट अटलांटिक ओलांडून इंग्लंडला परतत असताना तिची कील निखळली आणि चारही खलाशी गेले. त्याआधी ती जमिनीला लागली होती आणि तिची दुरुस्तीही झाली होती; त्यातून कीलचा जोड कमजोर झाला असावा, असं ब्रिटिश चौकशीत निघालं. वरून ती सुस्थितीत दिसत होती. म्हणून मालकाला स्पष्ट विचारा : ‘बोट कधी जमिनीला लागली होती का? लागली असेल, तर नंतर आतून कुणी तपासली?’ हा प्रश्न तुमच्या कुटुंबासाठी आहे. विचारताना भीड बाळगू नका.

तळातून पाणी आत-बाहेर जाण्यासाठी जी भोकं असतात, त्यांवरचे व्हॉल्व किंचित खरवडून पाहा. आतला धातू पिवळा दिसला तर ठीक. गुलाबीसर दिसला, तर पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्याने खाल्लंय आणि तो व्हॉल्व हातात तुटून येऊ शकतो. त्याची किंमत थोडी, पण तो मोडला तर बोट तळाला जाते.

सुकाणू दोन्ही हातांनी धरून हलवा. खडखड वाजलं तर बेअरिंग झिजलेलं आहे. शेवटी तारा. तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या टोपीजवळ गंजाचा ओघळ किंवा तुटलेला एखादा धागा दिसला, की पूर्ण संच बदलायचा खर्च लिहा. स्टेनलेस स्टील बाहेरून चकाकत असतं आणि हवा न लागणाऱ्या फटीत आतून खाल्लं जातं. दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं; तारांच्या बाबतीत ही म्हण शब्दशः खरी.

समुद्रात : दोन तास तरी

सगळी शिडं उघडून पाहा. कापड चुरगाळल्यावर कुरकुरीत लागलं तर जीव आहे. जुन्या धोतरासारखं मऊ पडलं असेल, तर शीड संपलंय. शिलाईला नखाने खरवडून पाहा. धागा तुटत असेल, तर उन्हाने तो जाळलाय. इंजिन अर्धा तास जोरात चालवून तापमानाचा काटा पाहा, आणि थंड करणारं पाणी धुराड्यातून सतत बाहेर पडतंय ना, तेही पाहा. बोट भरल्या शिडांनी एका कुशीवर झुकली की आत उतरा, कपाटांची दारं उघडून बघा. अंग वाकत असेल, तर ही दारं अडकू लागतात.

कागद

कागदांशिवाय उत्तम बोटीचंही मोल शून्य. मालकी मूळ बांधणाऱ्यापासून आजच्या मालकापर्यंत अखंड दाखवता आली पाहिजे. बोट परदेशातून आणलेली असेल, तर कस्टम्सचं शुल्क भरल्याचे कागद हवेत. नाहीतर ती थकबाकी तुमच्या गळ्यात येऊ शकते. नोंदणी आणि फिटनेसच्या नियमांसाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे प्रत्यक्ष जाऊन विचारा. बोटीवर कर्ज आहे का, मुक्कामाच्या जागेचं भाडं थकलंय का, विमा मिळेल का, हे पैसे देण्याआधी विचारायचं.

आता हिशेब

मालकांनी नव्या बोटीची किंमत सांगितली, ती खरीच असेल. भारतात खासगी मौजेच्या यॉटवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ४० टक्के आहे, त्यामुळे नवी आणखी महाग. पण त्या आकड्यावरून जुनीची किंमत निघत नाही. तशाच आकाराच्या, वयाच्या, सुस्थितीतल्या बोटी प्रत्यक्षात कितीला *विकल्या गेल्या*, यावरून निघते. जाहिरातीतला आकडा हा विकणाऱ्याच्या मनातला असतो. मुंबई, गोवा आणि कोचीतल्या नौकाप्रेमींना विचारून झालेले दोन-तीन व्यवहार मिळवा.

पुढचे आकडे फक्त रीत समजावी म्हणून घेतले आहेत. समजा, मालक २५ लाख मागतात. तशीच पण धडधाकट बोट २४ लाखांना गेली. तुमच्या बोटीत :

तारांचा संच संपलाय : ३ लाख.
इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त करायचंय : ४ लाख.
शिडं नवी घ्यायची तर ४ लाख. पण २४ लाखांच्या बोटीतही शिडं नवीकोरी नसणारच, म्हणून निम्मे धरा : २ लाख.
व्हॉल्व आणि वायरिंग : २ लाख.

बेरीज ११ लाख. २४ मधून गेले की उरले १३. काम सुरू झालं की एक फळी काढल्यावर तिच्याखाली दुसरं दुखणं सापडतंच, त्यासाठी दुरुस्तीच्या खर्चाचा पाचवा हिस्सा, म्हणजे २ लाख २० हजार बाजूला ठेवा. तुमचा आकडा आला १० लाख ८० हजार. हा आकडा यादीसकट मालकासमोर ठेवा. त्यांचा अपमान होईल असं वाटून घेऊ नका. यादीवरचा प्रत्येक मुद्दा दाखवता येतो, आणि निगा राखणाऱ्या मालकाला तो समजतो.

शिडांचे निम्मेच पैसे का धरले, याकडे लक्ष द्या. खरेदीदारालाही न्यायाने वागायला हवं. प्रत्येक जुन्या वस्तूच्या जागी नवी घालायचा पूर्ण खर्च विकणाऱ्याकडून वसूल करणं बरोबर नाही. तसंच, मालक म्हणाले, ‘गेल्या वर्षी मी यावर सहा लाख घातले,’ तर ते मान्य करा, पण सहाच्या सहा किमतीत मिळवू नका. त्यातल्या कामामुळे बोट सुस्थितीत आली असेल, तर ते तुमच्या यादीत वजावट न होण्यातून आपोआप दिसेल. दहा वर्षांपूर्वीचा जीपीएस आणि रडार यांची किंमत जवळपास शून्य धरा.

एक गोष्ट मात्र किमतीत जमेला घ्या : मालकाची वही. तेल कधी बदललं, तळाला रंग कधी दिला, तारा कधी तपासल्या, याच्या तारखा आणि पावत्या ठेवणाऱ्याची बोट, तशीच दिसणाऱ्या पण नोंदी नसलेल्या बोटीपेक्षा जास्त मोलाची. त्या वहीमुळे तुमचे अंदाज खात्रीत बदलतात.

---

याच विषयावर आणखी तीन वाचकांनी थोडक्यात विचारलं आहे.

प्रश्न : धरणाच्या गोड्या पाण्यात राहिलेली बोट समुद्रातल्या बोटीपेक्षा चांगली असणार ना?

उत्तर : धातूंच्या बाबतीत हो. तारा, इंजिन, व्हॉल्व गोड्या पाण्यात जास्त टिकतात. फायबरच्या बाबतीत मात्र उलट. गोडं पाणी फायबरमध्ये खाऱ्यापेक्षा लवकर झिरपतं, आणि आपल्याकडच्या उबदार पाण्यात तर आणखी लवकर. खडकवासल्यासारख्या जलाशयात वर्षानुवर्षं पाण्यातच ठेवलेली होडी घेताना तळाचे फोड आधी बघा. दर वेळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असेल, तर चिंता कमी.

प्रश्न : फायबरपेक्षा जुनी लाकडी बोट स्वस्त दिसते. घ्यावी का?

उत्तर : लाकडाची कळ तुम्हाला कळत असेल, किंवा कळणारा सुतार हाताशी असेल, तरच. लाकूड कमी दर्जाचं असतं असं मुळीच नाही. एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वी प्रदक्षिणा करणारे पहिले खलाशी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहेली’ मुंबईतच सागवानात बांधलेली होती. १४ जून १९६८ ला निघून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला ती इंग्लंडला परतली. पण वाटेत तिच्या फळ्यांच्या सांध्यातून पाणी येऊ लागलं, आणि रॉबिन यांना अटलांटिकमध्ये पाण्याखाली उतरून सांध्यात कापूस भरावा लागला, वर पत्रा ठोकावा लागला. लाकडी बोट दर वर्षी असं काम मागते. समुद्रात नव्हे तर किनाऱ्यावर, पण मागते. म्हणून तिची किंमत कमी असते. तपासताना टोकदार टोच्याने फळ्या टोचून पाहा. मऊ लागलं तिथे कुजलंय. खाऱ्या पाण्यातला किडा लाकूड आतून पोखरतो आणि बाहेर टाचणीएवढं भोक ठेवतो, तेही शोधा.

प्रश्न : किंमत परवडली. पुढे दर वर्षी किती लागतील?

उत्तर : नौका बाळगणाऱ्यांत चालत आलेला ठोकताळा असा, की बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दर वर्षी देखभालीला. जुन्या, स्वस्तात घेतलेल्या बोटीला हा ठोकताळा लावू नका. तिच्या जागी तशीच धडधाकट बोट घ्यायला जितके लागतील, त्यावर दहा टक्के धरा. समुद्राला तुम्ही किती मोजले हे ठाऊक नसतं. तारा आणि रंग तेवढेच लागतात. त्यात मुक्कामाची जागा, बोटीवर लक्ष ठेवणारा खलाशी, पावसाळ्याआधी चढवणं आणि नंतर उतरवणं, आणि पुण्याहून मुंबईला होणाऱ्या फेऱ्या मिळवा. हंगाम ऑक्टोबर ते मे. खर्च चौघांत वाटून घेणार असाल, तर बोट घेण्याआधी कागदावर करार करा : कुणाला बाहेर पडायचं झालं तर त्याच्या हिश्शाची किंमत कशी ठरेल. तीही याच यादीने ठरवा. मैत्रीही टिकेल, आणि दर वर्षी यादी करायची सवय लागली की बोटही.